बाहेरच्या ओट्याची निरवानिरव

ऑक्टोबरचा दुसरा आठवडा उजाडला की रोज सकाळी चहा टाकण्याआधी मी मागच्या दाराच्या काचेतून गवताकडे पाहते. पात्यांवर दवाऐवजी पांढुरकी भुकटी पसरलेली दिसली, म्हणजे रात्री पारा शून्याला टेकून गेला. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात, डेट्रॉइटच्या वायव्येला, नोव्हायमध्ये, ही सकाळ साधारण ऑक्टोबरच्या मध्यावर येते आणि ती आली की बाहेरच्या ओट्याचे काम पुढच्या शनिवारवर ढकलता येत नाही.

आमचा बाहेरचा ओटा म्हणजे घरामागे, स्वयंपाकघराच्या दारापासून दहा-बारा पावलांवर बांधलेले एक लहानसे उघडे स्वयंपाकघर आहे. काँक्रीटच्या ठोकळ्यांचा पाया, वर ग्रॅनाइट, त्यात बसवलेली गॅसची ग्रिल आणि शेजारी एक मोठ्या आचेची शेगडी, एक सिंक, ओट्याखाली मावणारा फ्रिज, आणि कडेला मातीचा तंदूर. २०१८ च्या उन्हाळ्यात आम्ही तो बांधून घेतला, त्यामागचे मुख्य कारण मासे हे होते. मी रत्नागिरीची, त्यामुळे सुरमई तळल्याशिवाय माझा महिना जात नाही. इथली घरे मात्र थंडीसाठी घट्ट मिटलेली असतात आणि पुष्कळ घरांत शेगडीवरचा पंखा वाफ बाहेर न टाकता गाळून पुन्हा खोलीतच सोडतो. मग तळणाचा वास दाराजवळच्या कपाटात टांगलेल्या कोटांत शिरतो आणि आठवडाभर आपल्याबरोबर ऑफिसात येतो. बाहेर ओटा झाल्यापासून फोडणी, तळण, मिरच्या भाजणे हे सगळे मोकळ्या हवेत होते. त्या ओट्याने माझा या देशातला स्वयंपाक मला परत दिला, म्हणून त्याची हिवाळ्याची निगा मी मनापासून करते.

मृग लागायच्या आधी कोकणात घराला पावसासाठी तयार करतात, ते मी लहानपणी पाहिलेले आहे. खळ्यातला मांडव उतरायचा, जळण पडवीत रचायचे, पावसाच्या बाजूला झापांची आडोशाची भिंत बांधायची, आगोटीचे सामान भरायचे. तिथे सगळी धडपड पाणी आत येऊ नये म्हणून असते. इथेही मी पहिल्या वर्षी त्याच समजुतीने वागले. ओटा वरून नीट झाकला, दोऱ्यांनी बांधला आणि निर्धास्त झाले. मिशिगनचा हिवाळा बाहेरून येणाऱ्या पाण्यापेक्षा आत राहिलेल्या पाण्याचे अधिक नुकसान करतो, हे मला तेव्हा माहीत नव्हते.

पाणी गोठताना त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. एवढीशी वाढ, पण बंद नळीत तिला जागा मिळत नाही. शिवाय नळी जिथे गोठते नेमकी तिथेच फुटते असेही नाही. बर्फाचा बोळा तयार झाला की तो वाढताना पुढचे पाणी बंद नळाकडे रेटतो, आणि त्या अडकलेल्या पाण्याचा दाब इतका चढतो की बर्फापासून दूर, एखाद्या सांध्यावर पितळ उकलते. आमच्याकडे अगदी हेच झाले. त्या वर्षी जानेवारीच्या अखेरीस आलेल्या थंडीच्या लाटेत इथला पारा उणे २० सेल्सियसच्याही खाली गेला होता. बेसमेंटमधली, ओट्याकडे जाणाऱ्या पाण्याची चावी मी नोव्हेंबरातच बंद केली होती, परंतु बाहेरच्या सिंकचा नळ उघडा ठेवायचा असतो आणि मधल्या नळीतले पाणी काढून टाकायचे असते, हे काम राहून गेले होते. ओटा बांधणाऱ्या कंत्राटदाराने ही प्लॅस्टिकची नळी फुटत नाही असे सांगितले होते. ते अर्धेच खरे निघाले. पेक्सची, म्हणजे या प्लॅस्टिकची, नळी ताणली जाते आणि बऱ्याचदा तगते, तिच्या टोकाचा पितळी सांधा मात्र ताणला जात नाही.

एप्रिलमध्ये चावी उघडली, तेव्हा सिंकखालच्या कपाटातून आधी फुसफुस ऐकू आली आणि मग दाराच्या फटीतून पाणी वाहू लागले. प्लंबरने काढून दिलेला तो काटकोनी सांधा मी अजून जपून ठेवला आहे. वरवर पाहता तो धड दिसतो. उजेडाकडे धरून फिरवला की बाहेरच्या वळणावर लांबीच्या दिशेने गेलेली केसाएवढी चीर दिसते, आणि नख फिरवले तर तिच्या दोन्ही कडा किंचित वर आलेल्या लागतात. आतून कुणीतरी बोटाने दाबून बाहेर ढकलावे, तशा.

तेव्हापासून पाण्याचे काम सर्वांत आधी होते आणि त्याला मी अर्धा दिवस राखून ठेवते. मिशिगनमध्ये इमारतीचा पाया ४२ इंच खोल नेतात, कारण जमीन तिथपर्यंत गोठू शकते असे धरलेले असते. आमची नळी जेमतेम फूटभर खोल चरातून गेलेली आहे, म्हणजे ती गोठणार हे ठरलेलेच आहे. तिच्यात पाणी ठेवायचे नाही, एवढाच उपाय आपल्या हातात उरतो. बेसमेंटमधली चावी बंद करायची, मग बाहेर जाऊन सिंकचा नळ पूर्ण उघडायचा. परत खाली येऊन चावीच्या अंगावर असलेले छोटे टोपण बादली धरून पान्याने सैल करायचे. या टोपणातून बाहेरच्या बाजूचे पाणी उलटे उतरते. आमच्याकडे साधारण पाव बादली निघते. पुष्कळजण इथेच थांबतात. परंतु चर सरळ उताराचा नसेल तर नळीच्या पोटात कुठेतरी घोटभर पाणी राहतेच, आणि सांधा फोडायला तेवढे पुरते.

म्हणून पुढे हवा मारायची. घरगुती कॉम्प्रेसरची नळी त्याच टोपणाच्या जागी योग्य जोडाने बसवायची, दाब ४० ते ५० पीएसआयच्या (पौंड प्रति चौरस इंच) वर जाऊ द्यायचा नाही आणि थोड्या थोड्या वेळाने फुंकायचे. लहानपणी चुलीपुढे बसून फुंकणीने जाळ धरत असू, त्यातही एकदम जोर लावून चालत नसे. राख उडून डोळ्यांत जायची. इथेही तसेच आहे. डोळ्यांवर चष्मा हवा आणि बाहेर नळापाशी दुसरे माणूस उभे हवे. माझा नवरा बेसमेंटमध्ये असतो आणि मी सिंकपाशी. आधी पाण्याचा एक लोट येतो, मग नळ खोकल्यासारखा थुंकत राहतो, मग नुसता तुषार, आणि शेवटी कोरडी हवा. तुषार दिसला की काम झाले असे वाटते, पण तसे नसते. मी नळाखाली हाताचा तळवा धरते आणि तो सलग कोरडा राहिल्यावरच हाक मारते. ओट्याखालच्या बॉल व्हॉल्व्हची मूठ नंतर मधोमध, तिरकी ठेवायची. ती पूर्ण उघडी किंवा पूर्ण बंद असेल तर आतल्या गोळ्याभोवती पाणी अडकू शकते. नळ हिवाळाभर उघडाच राहतो.

सिंकखालचा वाकडा पाइप विसरायचा नाही. त्यात पाणी साठून राहावे अशीच त्याची रचना असते, त्यामुळे हवा मारून तो कोरडा होत नाही. तो खोलून ठेवता येतो, किंवा फिरत्या घरांसाठी मिळणारे गुलाबी रंगाचे न गोठणारे द्रव त्यात दोन-तीन कप ओतता येते. गाडीच्या रेडिएटरचे द्रव मात्र कधीही वापरू नये. ते बहुधा एथिलीन ग्लायकॉलचे असते, चवीला गोड आणि अत्यंत विषारी, आणि शेजारच्या कुत्र्यांना त्या गोडीचे आकर्षण असू शकते.

फ्रिजचे काम सोपे आहे. रिकामा करून सोड्याच्या पाण्याने पुसायचा, प्लग काढायचा आणि दारात कालथा अडकवून फट ठेवायची. दार लावून ठेवलेला फ्रिज वसंतात उघडला की बुरशीचा जो वास येतो, तो जाता जात नाही.

मातीच्या वस्तूंविषयी मात्र मला सविस्तर लिहायचे आहे, कारण त्यांत माझे न भरून येणारे नुकसान झाले. आईने मला खापरोळ्यांसाठी मातीचे खापर दिले होते. विमानात हातातल्या पिशवीत, लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून मी ते आणले होते. पहिल्या हिवाळ्यात ते ओट्याखालच्या कप्प्यात राहिले. कप्प्यात पाऊस लागत नाही, त्यामुळे त्याला काही होईल असे वाटले नाही. परंतु कच्च्या अंगाची, म्हणजे चकाकी न दिलेली भाजलेली माती हवेतला ओलावाही पिते. दिवसा वितळायचे, रात्री गोठायचे असे मार्चमध्ये आठवडेच्या आठवडे चालते, आणि प्रत्येक वेळी छिद्रांतले पाणी मातीचा एकेक पापुद्रा सुटा करते. एप्रिलमध्ये मी खापर उचलले तेव्हा त्याचा तळ कप्प्यातच राहिला आणि वरची चकती माझ्या हातात आली. मोडलेल्या कडेला करंजीच्या साट्यासारखे पदर दिसत होते. आता मातीचे, कुंडीपासून पणतीपर्यंत जे काही आहे ते सगळे पहिल्या हिवाआधी घरात जाते. काचेच्या बरण्याही. पितळ, लोखंड आणि स्टीलच्या भांड्यांना कोरडे पुसून ठेवले तर बाहेर राहायला हरकत नाही, पण मी त्यांनाही आत घेते.

तंदूर आत नेता येत नाही. त्याचे पोटही मातीचेच आहे आणि पावसाळी शरदात त्याने भरपूर ओल धरलेली असते. म्हणून झाकण्याआधी त्याला वाळवावे लागते. लागोपाठ दोन दिवस थोडेसे कोळसे घालून मंद आच ठेवायची, तोंड उघडे ठेवायचे आणि वाफ जाऊ द्यायची. मोठा जाळ करून काम उरकायचा मोह आवरावा. ओल्या मातीतले पाणी एकदम वाफ झाले तर ती तडकते, म्हणजे बर्फाने जे केले असते ते आपणच करून बसतो. पूर्ण निवाल्यावर राख उपसून काढायची, कारण राख ओल धरून ठेवते. मग तोंडावर झाकण, आणि त्यावर खोळ. हवा जाण्याच्या खालच्या भोकाला मी बारीक जाळी लावते, बुजवत मात्र नाही.

ग्रॅनाइटची परीक्षा सप्टेंबरातच घ्यावी, कारण पाणी मुरू नये म्हणून दगडावर लावायचे सीलर थंडीत नीट मुरत नाही. चार-पाच ठिकाणी पाण्याचे थेंब टाकून दहा मिनिटे थांबायचे. थेंब मण्यासारखे वरच राहिले तर यंदा काम नाही. दगड खाली काळपट झाला तर तो पाणी पितो आहे असे समजून सीलर लावायचे. माझ्या ओट्यावर सिंकच्या काठचा वीतभर भाग दर दोन वर्षांनी काळा पडतो, बाकीचा तसाच राहतो. सांध्यांतले सिलिकॉन कुठे सुटले आहे का हे बोटाने चाचपून पाहावे, कारण तिथून शिरलेले पाणी गोठून दगडाची पाटी उचलू शकते.

स्टीलला गंज लागत नाही, हा समज इथे आल्यावर मी सोडला. रत्नागिरीत खाऱ्या वाऱ्याने खिडक्यांचे गज कसे खाल्ले जातात ते मी पाहिलेले होते. इथे समुद्र नाही, पण बर्फ वितळवण्यासाठी पायवाटेवर टाकलेले मीठ आहे. ते बुटांबरोबर येते, उडते, आणि क्लोराइड स्टीलच्या पृष्ठभागावरचे संरक्षक कवच भेदून बारीक तपकिरी ठिपके पाडते. ओट्याच्या आसपास आम्ही मीठ टाकणे पूर्ण बंद केले आहे. घसरू नये म्हणून वाळू टाकतो. झाकण्याआधी सगळे स्टील साबणाच्या पाण्याने धुऊन, कोरडे करून, त्याच्या रेघांच्या दिशेने मिनरल ऑइलचा पुसट हात फिरवते. तारेची घासणी स्टीलवर चालवू नये. तिचे कण रुतून बसतात आणि तेच आधी गंजतात.

खोळीची निवड चुकली की वरची सगळी मेहनत वाया जाते. पहिल्या वर्षी मी निळी ताडपत्री चारही बाजूंनी आवळून बांधली होती. फेब्रुवारीत दोन दिवस ऊन पडले तेव्हा सहज कोपरा उचलून पाहिला, तर आतल्या बाजूने पाण्याचे थेंब ओघळत होते आणि बिजागऱ्यांवर चहाच्या डागांसारखा गंज उतरला होता. जमिनीतली आणि दगडातली ओल वर येते, थंड ताडपत्रीला लागते आणि तिथेच टिपकते. आता मी कापडासारखी, हवा खेळणारी आणि बाजूला झरोके असलेली खोळ वापरते. तिच्याखाली मधोमध एक प्लॅस्टिकचे घमेले पालथे घालते, म्हणजे दोन्ही बाजूंना उतार मिळतो आणि वितळलेले बर्फ साचून राहत नाही. पट्टे घट्ट हवेत, कारण जानेवारीच्या वाऱ्यात सैल खोळ रात्रभर फडफडते आणि दगडाच्या कडेवर घासून फाटते. भुसभुशीत बर्फ झाडूने लोटावा. फावडे लागले तर खोळही जाते आणि पॉलिशही.

ग्रिलची साफसफाई एरवीसारखीच, फक्त अधिक कसून. १५ मिनिटे पूर्ण आचेवर ठेवून चिकटलेले जाळायचे, जाळ्या घासायच्या आणि नंतर ओल्या फडक्याने पुसायच्या, कारण तारेच्या ब्रशचा सुटलेला एखादा केस अन्नातून पोटात गेला तर गंभीर इजा होते. बिडाच्या जाळ्यांना तेलाचा हात द्यायचा. तेल गोळा होणारा तळाचा ट्रे काढून, धुऊन आत ठेवायचा. हा ट्रे म्हणजे उंदरांना आमंत्रण असते. एका वर्षी खणात विसरलेल्या जाड हातमोज्यातला कापूस उपसून उंदरीण तिथे घर करून राहिली होती. शेजारी शेंगदाण्याच्या टरफलांचा नीट ढीग होता. पेन्सिल जाईल एवढी फट उंदराला पुरते. पाइप आणि वायरी जिथून आत येतात तिथे मी तारेच्या घासण्या दाबून बसवते. त्या ते कुरतडत नाहीत.

कोळी हा दुसरा पाहुणा. बर्नरच्या नळ्यांच्या तोंडाशी तो जाळे विणतो आणि त्यामुळे गॅस आणि हवा नीट मिसळत नाहीत. ज्योत निळी न राहता पिवळी, आळशी होते, आणि वाट पूर्ण बंद झाली तर गॅस मागे फिरून खटक्यांच्या बाजूला पेट घेऊ शकतो. म्हणून झाकताना आणि पुन्हा उघडताना, दोन्ही वेळा बाटली धुण्याचा लांब ब्रश नळ्यांतून फिरवते. ओट्याच्या भिंतीत गॅससाठी ठेवलेले झरोके मात्र थंडीचे किंवा उंदरांचे निमित्त करून कधीही बुजवू नयेत. नळाने येणारा नैसर्गिक गॅस हवेपेक्षा हलका असतो, तो वरच्या झरोक्याने जातो. सिलिंडरमधला प्रोपेन जड असतो, तो खालच्याने. याच जडपणामुळे प्रोपेनचा सिलिंडर बेसमेंटमध्ये किंवा गॅरेजमध्ये ठेवायचा नसतो. तो बाहेरच, उभा, घरापासून दूर ठेवावा. थंडीने त्याला काही होत नाही.

ओटा पूर्ण मिटवून टाकावा असे माझे मत नाही. पाणी, फ्रिज आणि तंदूर ऑक्टोबरात बंद होतात. सिंकजवळच्या विजेच्या बोर्डाचा ब्रेकरही मी तेव्हाच पाडते. शेगडी मात्र चालू असते. कोरड्या, वारा पडलेल्या दिवशी डिसेंबरातही मी खोळीचा एक कोपरा उलटून तिथे सुरमई तळते. तेल तापायला जवळजवळ दुप्पट वेळ लागतो आणि तुकड्या उपसून ताटात ठेवेपर्यंत निवतात, म्हणून ताट गरम पाण्याच्या पातेल्यावर ठेवावे लागते. बर्फ भुरभुरू लागले म्हणून ग्रिल किंवा कोळशाची शेगडी गॅरेजमध्ये ओढून नेणारे लोक मी पाहिले आहेत. दार उघडे ठेवले तरी ते करू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो घरात शिरल्याचे कळतही नाही.

सिंकखालच्या कपाटाच्या दाराला आतून मी एक कागद चिकटवला आहे, प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून. कोणते टोपण कुठल्या डबीत ठेवले, कोणती मूठ तिरकी आहे, ग्रिल पेटवणाऱ्या खटक्याची बॅटरी कुठे आहे, हे सगळे त्यावर लिहिलेले असते, कारण पाच महिन्यांनी यातले काही आठवत नाही. पहिली ओळ लाल शाईने आहे: बेसमेंटमधले टोपण आवळल्याशिवाय चावी उघडू नये, बाहेरचा नळ आधी उघडा ठेवावा, चावी अगदी हळू फिरवावी, आणि त्या वेळी एकाने ओट्यापाशी कपाट उघडून बसावे. त्याखाली तारीख असते. गेल्या वर्षी ती २० एप्रिल होती, त्यानंतरही दोन रात्री हिंव पडले, म्हणून यंदा मी तिच्यापुढे मे लिहिले आहे.